राहेलबाईंचं आरशाचं टेबल

टेबलाचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवायचा, असा राहेलबाईंचा नियम होता. "सगळं भरून टाकलं तर नजरेनं टेकायचं कुठं?" असं त्या विचारत. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वीस वर्षांची होते, नगरच्या ट्रेनिंग कॉलेजातून नुकतीच बाहेर पडले होते, आणि पिठाचा डबा ठेवायला जिथं धड फळी नाही त्या घरात टेबलाचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवणं म्हणजे मला शुद्ध चैन वाटली. तसं मी तोंडावर बोललेही. त्या रिकाम्या जागेवर मी ठेवलेली माझी पावडरची डबी बाईंनी दोन बोटांनी उचलली आणि माझ्या ट्रंकेवर नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी मी ती परत टेबलावर ठेवली. संध्याकाळी ती परत ट्रंकेवर. पंधरा दिवस हे असं चाललं, आणि मग मी कंटाळले. राहेलबाई कंटाळत नसत. त्यांच्याविषयी मला कळलेली ही पहिली गोष्ट.

दिवस लढाईचे होते. घासलेट मोजून मिळे, लुगड्याला रेशन. माझी पहिली नेमणूक मिशनच्या एका खेड्यातल्या शाळेवर झाली. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून नांदताहेत आणि त्यांतली काही माझ्यापेक्षा तिखट आहेत. सोनईच्या पलीकडे दोनेक कोसांवर ते होतं एवढं पुरे. वांबोरी स्टेशनावर उतरून मी बैलगाडीत बसले ती दिवस मावळायला आला तेव्हा पोचले. केसांत, कानांत, दातांत धूळ. शाळेच्या मागं शिक्षकिणींसाठी दोन खोल्यांचं घर होतं, पुढची खोली चुलीची आणि मागची निजायची. मागच्या खोलीत शिरले आणि दारातच थांबले.

समोर एक शिसवी टेबल होतं, त्यावर लंबगोल आरसा, दोन पितळी मळसूत्रांवर झुलणारा. टेबलावर हातानं विणलेली जाळीदार पांढरी पट्टी. तिच्यावर एका बाजूला निळ्या काचेची रिकामी बाटली, तिच्यात तरवडाची एकच डहाळी, पिवळ्याधमक फुलांची. बाटलीजवळ चिंचेनं घासलेला पितळी पेला आणि पेल्याला टेकवलेलं मोराचं पीस. बाकी टेबल मोकळं. मावळतीचं ऊन आरशात शिरून छपराच्या वाशांवर हलत होतं. मी दिवसभर ढेकळंच ढेकळं बघत आले होते. हे आपण जागेपणी बघतो आहोत की गाडीत डोळा लागला आहे, हे मला क्षणभर खरंच कळेना.

"पाय धुतलेस का?" मागून आवाज आला. राहेलबाईंची आणि माझी ओळख अशी झाली.

उंच, काळ्यासावळ्या, हाडापेरानं मोठ्या. पन्नाशीला आलेल्या. बारीक काठाचं पांढरं लुगडं, गळ्यात काही नाही, हातात काही नाही. नवरा दवाखान्यात कंपाउंडर होता, तो तापसरीच्या मोठ्या साथीत गेला तेव्हा यांचं वय बावीस. मूलबाळ नाही. हे सगळं मला दुसऱ्यांकडून कळलं. त्या स्वतःबद्दल बोलत नसत, वस्तूंशी मात्र बोलत. "सरक गं थोडी," असं बाटलीला म्हणायच्या. "तू काय मधेच?" असं पेल्याला. सुरुवातीला मला वाटे, मलाच बोलताहेत.

टेबल त्यांच्याकडे आलं ती हकिगत गावात अजून सांगत असतील. मिशनच्या बंगल्यातल्या म्हाताऱ्या मॅडम कायमच्या मायदेशी निघाल्या, तेव्हा त्यांनी सगळ्या शिक्षकिणींना बोलावून सांगितलं, की बंगल्यातली कुठलीही एक वस्तू प्रत्येकीनं आठवण म्हणून घ्यावी. एकीनं स्टोव्ह घेतला, एकीनं लोखंडी इस्त्री, एकीनं दोन कांबळी एकात एक गुंडाळून एकच वस्तू म्हणून दाखवली. राहेलबाईंकडे तेव्हा बसायला खुर्ची नव्हती. त्यांनी हे आरशाचं टेबल मागितलं. सगळ्या हसल्या. मॅडमसुद्धा हसल्या म्हणतात. बाईंनी बैलगाडीत कडबा पसरला, त्यावर आपली गोधडी, आणि आरसा काढून तोंड वर करून गोधडीवर निजवला. स्वतः गाडीत बसल्या नाहीत, चाकाजवळून चालत आल्या, खड्डा आला की आरशाला हात द्यायला. गाडी गावात शिरली तेव्हा पारावरची माणसं उठून उभी राहिली, कारण गाडीत आभाळ होतं, ढगांसकट. पोरं ते बघायला गाडीमागं पळाली.

तेव्हापासून ते टेबल मांडणं हा त्यांचा उद्योग. रोजचा नाही आणि वाराचाही नाही, मनात येई तेव्हा. बहुतेक दुपारचं, शाळा सुटल्यावर, गाव पेंगत असताना. सगळ्या वस्तू उतरवून खाटेवर ठेवायच्या. टेबल कोरड्या फडक्यानं पुसायचं, मग खोबरेलाचं एक बोट. मग पट्टी, आणि पट्टीवर एकेक वस्तू. एक ठेवली की मागं येऊन खाटेवर बसायचं आणि डोळे अर्धे मिटून बघायचं. खूप वेळ. मला वाटे झोपल्या. मग उठून ती वस्तू करंगळीएवढी हलवायची. वस्तू जोडीजोडीनं ठेवायच्या नाहीत, कारण "जोडी लावली की कवायत दिसते." उंच वस्तू मधोमध कधी नाही. फूल एकच, कारण दुसरं आरसा आपल्या पदरचं घालतो. बाजारातली एकही वस्तू नाही, सगळं रानातलं नाहीतर टाकलेलं. आश्विनात तरवड, हिवाळ्यात जवसाची निळी फुलं, ती दुपारी मिटायची म्हणून सकाळीच बघून घ्यायची. मग शाळूचं एखादं कणीस, करडईची वाळलेली केशरी बोंडं. उन्हाळ्यात काहीच मिळेना तेव्हा नुसता पाण्यानं भरलेला पेला. त्याचा उजेड भिंतीवर थरथरत असे आणि आम्ही दोघी खाटांवर पडून तो बघत असू. मी तेव्हा काय विचार करीत असे ते आता आठवत नाही. उजेड आठवतो.

एकदा त्या शाळेला उशिरा आल्या. कधी न होणारी गोष्ट. मी विचारलं तर म्हणाल्या, "कोळ्यानं बाटलीपासून आरशापर्यंत जाळं विणलं होतं. एवढं नेमकं विणलं होतं, की काढावं की ठेवावं याचा निकाल लागेना."

"मग?"

"ठेवलं. मांडणी त्याची माझ्यापेक्षा बरी."

आणि याच बाईंचं शाळेतलं टेबल बघवत नसे. खडूचे तुकडे, फुटक्या पाट्या, पोरांकडून जप्त केलेल्या बोरांच्या बिया, महिन्यापूर्वीची हजेरी. मी एकदा आवरायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे, तिथं काम असतं."

आमच्या घराला लागूनच पार्वतीचा मळा. मध्ये निवडुंगाचं कुंपण आणि त्यात तिनं पाडलेली वाट. पार्वती पंचविशीची, खात्यापित्या शेतकऱ्याची सून, अंगानं भक्कम, बोलायला मोकळी. रतीबाचं दूध घालायला सकाळी येई आणि सासूपासून दूर म्हणून जरा रेंगाळे. तिच्या घरी तळहाताएवढी आरशी होती, त्यात कुंकवापुरतं कपाळ दिसे. हा आरसा तिनं पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी तिथंच होते. तिनं चेहरा बघितला, पदर बघितला, कडेवरची सखू बघितली. मग हळूच विचारलं, "बाई, यात मागनं बी दिसतं का वो?"

बाईंनी तिला पाठमोरी उभी केली, माझा हातातला आरसा तिच्या समोर धरला आणि तिला तिचा आंबाडा दाखवला. पार्वती बराच वेळ बघत राहिली. "सासू म्हनती शेनाच्या गवरीवानी बांधती," ती म्हणाली, "तर खोटं न्हाई वो, तसाच हाय की!" आणि अशी हसली की सखू घाबरून रडायला लागली. त्या दिवशी बाईंनी तिला खाटेवर बसवून आंबाडा घालून दिला. मी बाईंना दुसऱ्या बाईमाणसाच्या केसांत हात घालताना त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. त्या दोघींची गट्टी जमली ती तिथून.

दुसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता सखूला थंडीताप आला. तीन वर्षांची पोर, दिवसाआड हुडहुडी भरे, डोळे वर जात. लढाईमुळं हिवतापावरचं कोयनेल मिळेनासं झालं होतं. दवाखान्यातून मिळालेल्या थोड्या गोळ्या बाईंनी जपून ठेवल्या होत्या, आरशाच्या टेबलाच्या डाव्या खणात. पार्वती पोरीला घेऊन आली तेव्हा बाईंनी हात धुतले, टेबलापुढं उभं राहून खण उघडला, कागदाची पुडी काढली, गोळी कुटून गुळात घोळली आणि सखूच्या तोंडात घातली. मग तिथंच उभ्या उभ्या डोळे मिटून पोरीसाठी प्रार्थना केली. आम्हा ख्रिस्ती माणसांत यात काही नवल नाही. पण पार्वतीच्या बाजूनं बघा. पांढरी पट्टी, ताजं फूल, तिथं कुणी काही ठेवू नये असा दंडक, हात धुतल्याशिवाय स्पर्श नाही, आणि खणातून निघालेली पुडी. सात दिवसांत पोर उठून कोंबड्यांमागं पळायला लागली.

यापुढचं सांगायला मला आजही जड जातं.

माझे डोळे आले होते, म्हणून मी शाळेला न जाता डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून खाटेवर पडले होते. पार्वती दारात आली.

"धाकल्या बाई, झोपल्या व्हय?"

"नाही. काय गं?"

"जरा आत येती. हात धुवून येऊ का?"

"धुवून ये," मी म्हटलं. "बाईंना बिनधुतला हात चालत नाही." हे खरंच होतं. पण तिच्या हातात काय आहे ते मी फडक्याच्या कडेनं बघितलं होतं आणि ओठ चावून हसू दाबत होते. तिनं टेबलापुढं गुडघे टेकले, आरशाच्या चौकटीला हळदकुंकवाची बोटं लावली, जाळीच्या पट्टीवर चोळीचा खण आणि नारळ ठेवून मूठभर गव्हानं ओटी भरली आणि डोकं टेकलं. रेशनच्या दिवसांत तो खण तिनं कुठून आणला असेल कोण जाणे.

"हिची पूजा थोरल्या बाईच करत्यात न्हवं?"

"थोरल्या बाईच," मी म्हणाले.

"बाई म्हनत्यात, त्यांचा देव दिसत न्हाई. म्हून मला कळंना, आरसा कशापाई. मग ध्येनात आलं. दिसत न्हाई त्येचीच जागा रिकामी सोडल्याली हाय." ती जरा थांबली. "नाव काय वो हिचं?"

मला तेव्हा सांगता आलं असतं, की बायो, हे लाकडाचं टेबल आहे आणि त्यावर बाई हौसेनं फुलं ठेवतात. एक वाक्य. पण मी एकवीस वर्षांची होते, आठवडाभर अंधारात पडून कंटाळले होते आणि मला गंमत वाटत होती. "नाव तूच ठेव," मी म्हटलं.

तिनं ठेवलं. आरसाई.

बाई यायच्या आत मी कुंकू पुसलं, खण माझ्या ट्रंकेत टाकला आणि नारळाची चटणी केली. बाईंनी ती खाल्ली आणि बरी झाली आहे म्हणाल्या. मी मनातल्या मनात हसत होते.

मग दुसरी आली, तिसरी आली. मळ्यातल्या, वस्तीवरच्या. कुणाला मूल होत नव्हतं, कुणाचा नवरा पलटणीत गेला होता आणि पत्र नव्हतं. आमच्या दाराला कुलूप कधी नसेच, दुपारी आम्ही शाळेत असलो की त्या येऊन जात. मी मधल्या सुटीत धावत येऊन आवरू लागले. आता हसू येत नव्हतं, पण सांगायचं कसं तेही सुचेना. तीन आठवडे गेले. एकदा चौकटीच्या नक्षीत बोट फिरवून बाईंनी विचारलं, "हे तांबडं कसलं गं?" मी म्हटलं, लाकडाचा रंग सुटला असेल. त्यांनी बोट पदराला पुसलं.

आणि मग एका दुपारी ख्रिस्ती मंडळीचे मुख्य पंच दाविदराव पाळकसाहेबांना घेऊन काही कामासाठी आमच्या घरी आले, तेव्हा आत पाच बायका उदबत्ती लावून बसल्या होत्या आणि एकीच्या बगलेत कोंबडी होती.

दाविदराव वाईट माणूस नव्हता. हे मी मुद्दाम सांगते. त्या संध्याकाळी पंच आमच्या पुढच्या खोलीत बसले तेव्हा बोलताना त्याचा आवाज कापत होता. "बाई, माझ्या आज्यानं शेंदराचं दगड सोडलं तवा गावानं त्येचं पानी तोडलं हुतं. दोन कोसावरनं घागर आनायची माझी आजी. ते काय आपल्याच कंपाउंडात, आपल्याच शिक्षकिणीच्या घरात नारळ फुटावा म्हून?"

बाई खाली बघत होत्या.

"मला एकच सांगा. तुमास्नी ठावं हुतं का? ठावं नसंल तर तुमचा दोष न्हाई. ज्यानं त्या बायांना आत घेतलं, त्येचा दोष. मग आमी त्येच्याकडं बघू."

मी दाराशी उभी होते. माझी नोकरी कायम व्हायची होती. वडील गेलेले, नगरला दोन धाकटे भाऊ माझ्या पगाराकडे डोळे लावून. मी पायाच्या अंगठ्यानं जमिनीवरचं शेण उकरत राहिले. चुलीवरचं आधण उतू गेलं तरी मी तिकडे गेले नाही.

"घर माझं आहे," राहेलबाई म्हणाल्या. "घरात होतं ते माझंच."

पाळकसाहेबांनी मधला मार्ग काढला. रविवारी उपासनेनंतर त्या बायकांना बोलवायचं, बाईंनी सगळ्यांसमोर सांगायचं की हे खोटं आहे, या अडाणीपणानं भुलल्या, आणि त्यांच्यादेखत चौकट पुसायची. तेवढं केलं तर टेबल त्यांच्या खोलीत राहू दे. नाही केलं तर आठ दिवसांत ते कंपाउंडाबाहेर गेलं पाहिजे. बाईंनी मान डोलावली. मला वाटलं, सुटलो. त्यांच्या त्या टेबलासाठी त्या एवढं नक्की करतील. खरं तर सांगायला अवघड काहीच नव्हतं, आणि ते खोटंही नव्हतं.

रविवारी प्रार्थनामंदिराच्या दारात त्या पाचसहा जणी येऊन बसल्या, पुढं पार्वती, मांडीवर सखू. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. आपल्याला चांगल्या कामासाठी बोलावलं आहे असं तिला वाटत होतं, हे तिच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. राहेलबाई उठल्या, पुढं गेल्या. वर्गात उभ्या राहत तशाच उभ्या राहिल्या, एक हात तिथल्या टेबलावर.

"माझ्या खोलीत एक टेबल आहे," त्या म्हणाल्या. "लाकडाचं. त्यावर मी फुलं ठेवते, कारण मला आवडतं. माझी प्रार्थना त्याला नाही." मग दाराकडे बघितलं. सखू आईच्या बांगड्यांशी खेळत होती. बाई थांबल्या, आणि मला कळलं की आता त्या सांगितलेलं बोलणार नाहीत.

"पार्वतीची मुलगी आजारी होती. ती देवानं बरी केली. आई जीव तोडून मागत होती. तिनं हात कुठं जोडले म्हणून ते देवाला पोचलं नसेल, असं मला वाटत नाही. मी तिला अडाणी म्हणणार नाही."

आणि जागेवर येऊन बसल्या.

त्या आठ दिवसांत टेबल गेलं. कुणाला द्यायचं ते बाईंनीच ठरवलं. नेवाशाच्या वाटेवर मिशनचा दवाखाना होता, तिथल्या बाळंतिणींच्या खोलीला. जायच्या आदल्या दुपारी मला वाटलं, त्या शेवटची मांडणी करतील. त्यांनी खण रिकामे केले, खोबरेलाचं बोट फिरवलं आणि मळसूत्रं सैल केली, एवढंच. त्यानंतर त्या घरात त्यांनी काही मांडलं नाही. मी एकदा खिडकीत करडईची दोन बोंडं ठेवून बघितली. त्यांनी ती हलवली नाहीत, काढलीही नाहीत. तिथंच ती धुळीत गेली. माझ्याशी त्या पहिल्यासारख्याच वागत होत्या, रात्री मला खोकला आला तर उठून पाणी देत होत्या, आणि मला ते सोसवत नव्हतं. पार्वती दूध घालायला येई ती दारातूनच परत जाई. मग एके दिवशी बाईंनी तिला आत ओढून खाटेवर बसवलं आणि आंबाडा घालायला घेतला.

उन्हाळ्यात माझी बदली झाली. मग लग्न झालं, नेवाशाला बिऱ्हाड झालं. लढाई संपली, स्वराज्यही आलं. राहेलबाईंना मी एकही पत्र लिहिलं नाही. चार ओळी लिहायची आणि पाचव्या ओळीपाशी कागद फाडायची.

पहिल्या खेपेला आई नव्हती म्हणून मी बाळंतपणाला त्याच दवाखान्यात गेले. दोन दिवस मी अडले होते. मुलगा झाला तेव्हा मला कशाचीच शुद्ध नव्हती. जाग आली ती दुपारी केव्हातरी. समोर पांढरी भिंत असायला हवी होती, कारण तिथल्या खाटा भिंतीकडं तोंड करून होत्या आणि खिडकी डोक्यामागं. पण समोर चिंचेचं झाड होतं. पाचूसारखा कोवळा पाला, मागं ज्वारीचं रान, त्यावर आभाळ. मी कुठं आहे ते मला कळेना, आणि कळून घ्यावंसंही वाटेना. मग त्या आभाळात एक हात आला आणि आभाळ जरासं खाली वाकलं.

"आता दिसतंय का गं नीट? निजल्याजागी?"

राहेलबाई आरशाचं मळसूत्र पिळत होत्या. केस सगळे पांढरे झाले होते. बाजूला पार्वती पदरात काहीबाही फुलं घेऊन उभी.

"दर बाजाराच्या दिवशी येत्यात," पार्वती मला सांगू लागली, जणू आम्ही कालच भेटलो होतो. "मी बाजार करती, ह्या इथं मांडत्यात. दोन कोस चालून! आमच्या गाडीत बसा म्हनलं तर बसत न्हाईत, मग मी बी संगं चालती. धाकल्या बाई, लेकरू गोरं हाय हो तुमचं. सखू आता शाळंत जाती."

पार्वती बाळ बघायला पाळण्याकडे वळली, तेव्हा मी बाईंचा हात धरला. किती वर्षं पाठ करून ठेवलेलं होतं, त्यातलं एक वाक्य धड आलं नाही. "बाई, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं," एवढंच म्हणाले आणि रडू फुटलं.

"ठाऊक आहे मला. हात धुवून ये कोण म्हणालं, ते पार्वतीनं मला त्याच दुपारी सांगितलं होतं. संध्याकाळी पंच बसायच्या आधी."

"मग तुम्ही का नाही सांगितलंत?"

"तू सांगशील म्हणून वाट बघितली." त्या सरळ बोलल्या, आवाज न चढवता. मी उशीत तोंड लपवलं. त्यांनी माझ्या कपाळावरचे घामेजलेले केस मागं सारले. "राग आला होता मला. बरेच दिवस होता. टेबल गेलं त्याचा नाही, तुझा." मग खाटेच्या कडेवर बसून त्यांनी डोळे अर्धे मिटले आणि आरशाकडे बघितलं. "पण इथं आले, बघितलं, बायका भिंतीकडे बघत पडलेल्या. कुणाचं मूल गेलेलं, कुणाला चौथी मुलगी. शांते, तू बोलली असतीस तर हे माझ्याच खोलीत राहिलं असतं, आणि तू आज भिंत बघत पडली असतीस."

बाळ रडायला लागलं. पार्वतीनं ते माझ्या कुशीत दिलं, आणि उन्हं कलायच्या आत घरी पोचायचं म्हणून बाईंची घाई चालवली. त्या उठल्या, लुगडं झटकलं. जाताना टेबलावरची एक डहाळी उचलून पुन्हा होती तिथंच ठेवली.

दार माझ्या मागं होतं, मान वळवायची ताकद नव्हती. पण त्या बाहेर पडल्या आणि जराशानं आरशात आल्या, पाठमोऱ्या, चिंचेखालून बांधाकडे जाताना. पार्वती पुढं, डोक्यावर बाजाराची पाटी, हात हलवून काहीतरी सांगत होती. राहेलबाई मागं, सावकाश, एकदा थांबून बांधावरचं काही वाकून बघितलं, तोडलं नाही. बाळ दूध पीत होतं. मी हाक मारली नाही. ज्वारीच्या कडेपर्यंत त्या दिसत होत्या, मग आरसा संपला.